खालचं सरकारचं

मिरचीचं फूल सकाळी नवाच्या सुमाराला उमलतं आणि बारा वाजले की त्याच्यात दम राहत नाही. त्या तीन तासांत दैवशाला कुणाच्या हाकेला ओ देत नसे. दहा गुंठ्यांचं शेडनेट, आत कमरेएवढी मिरची आणि सहा बाया ओळीनं वाकलेल्या. आदल्या दुपारी चिमट्यानं सोलून ठेवलेल्या कळीवर दुसऱ्या जातीच्या फुलाचा पराग बोटानं टेकवायचा, देठाला लाल दोरा बांधायचा, की पुढची कळी. बियाण्याचं काम. एक दोरा चुकला तर बियाणं कंपनीचा तपासणीस अख्खी ओळ उपटायला लावतो. बारा वाजता बाहेर येताना कुणाचीच कंबर सरळ होत नसे. बाया मांडीवर हात टेकत उभ्या राहायच्या आणि एकमेकींकडं बघून हसायच्या.

त्या दिवशी ती बाहेर आली तर कपाशीत नारंगी झेंड्या दिसल्या. एक बांधावर, एक मधोमध, आणि तिसरी विहिरीच्या काठाशी. डोक्याला पिवळं हेल्मेट घातलेला एक कोवळा साहेब आणि त्याच्यामागं वायरीचं भेंडोळं घेतलेली चार माणसं कपाशीतून चालली होती. बोंडं फुटलेली. त्यांच्या पँटींना कापूस चिकटला होता.

"ओ साहेब! कोणाला इचारून आत आले?"

साहेब थांबला. "मॅडम, सर्वे है. गॅस का. जमीन के नीचे गॅस है क्या, वो देखना है. जहाँ झंडी है वहाँ होल करके छोटा बारूद फोडेंगे. सरकारी परमिशन है."

"सरकारची हाय. माझी हाय का?"

साहेबानं प्लास्टिकच्या पिशवीतून एक कागद काढून दुरूनच दाखवला. कांताबाई, तिच्या जोडीची मजुरीण, पदरानं मान पुसत म्हणाली, "दैवा, बघू दे त्यास्नी. गॅस निघाला तर चुलीला नळीच लावू."

बाया हसल्या. दैवशाला हसली नाही. ती विहिरीच्या काठची झेंडी उपटून घेऊन आली आणि साहेबाच्या हातात दिली. "हितं भोक पाडायचं न्हाई. हीर हाय. पार तिकडं, बांधाला पाडा."

"ठीक है, मॅडम."

त्यानं ते लिहून मात्र घेतलं नाही. हे तिच्या ध्यानात आलं, पण पोटात भूक होती आणि तीनला पुन्हा कळ्या सोलायला बसायचं होतं.

हिवरगव्हाणात तिचं माहेर आणि सासर एकच. बद्रीनाथला ती एकुलती. जमीन भावकीत जाऊ नये म्हणून बापानं भोकरदनकडचा जावई घरी आणला, आणि मरायच्या आधी तीन एकर वीस गुंठे पोरीच्या नावानं करून दिले. सातबाऱ्यावर नाव दैवशालाचं. नवरा भारत जाफराबाद-भोकरदन जीप चालवायचा. टपरीवर चहा घेताना कुणीतरी "या, जावईबापू" म्हणायचं, आणि त्या 'बापू'त काय असतं ते भारतला बावीस वर्षांत पुरतं कळलं होतं. तो चहा पिऊन निघून यायचा. घरी कधी बोलायचा नाही.

तिसऱ्या दिवशी दहाचा सुमार असेल. दैवशाला एका देठाला दोरा गुंडाळत होती तेव्हा पायाखालची जमीन एकदम वर आल्यासारखी झाली. आवाज मोठा नव्हता. पोत्यावर पोतं टाकावं तसा, पण खोलातून आलेला. शेडनेटची जाळी थरथरली. मग बाहेरून दुसरा आवाज आला, घरंगळल्याचा, आणि तो थांबेचना.

ती धावली. विहिरीपासून पंधरा पावलांवर चिखलाचा ओला ढीग होता, त्यातून वायर निघालेली. विहिरीची पूर्वेकडची बाजू काठापासून बारा फुटांपर्यंत उघडी पडली होती. बद्रीनाथनं जोत्याच्या दगडांनी बांधून काढलेलं बांधकाम खाली मोटारीवर जाऊन बसलं होतं. पाणी दुधासारखं झालं होतं आणि त्यात माती अजून ढासळत होती.

तुळजाबाई, तिची म्हातारी आई, काठी टेकत गोठ्यातून आली. तिनं आत डोकावून बघितलं. तिला आठवत होता तो प्रत्येक दगड. अर्धे तिनंच डोक्यावर वाहिले होते. ती रडली नाही. साहेबापाशी गेली आणि त्याच्या हेल्मेटवर काठीनं टकटक केलं. "हे डोस्कं सांभाळाया घातलं व्हय रे? आन माझी हीर?"

साहेब गोरामोरा झाला. म्हणाला, लाइन सरळच न्यावी लागते, दहा फूट इकडंतिकडं चालत नाही. दुपारी नुकसानीचा फॉर्म घेऊन एक माणूस आला. मोडलेली कपाशीची झाडं त्यानं मोजली. चौसष्ट.

"आन हीर?" दैवशालानं विचारलं.

"ताई, फॉर्ममध्ये पिकाचा रकाना आहे. विहिरीचा रकानाच नाही. मी वर कळवतो. महिना-दोन महिने धरून चाला."

"फुलं दोन महिने थांबतील का?"

तो खाली मान घालून सही कुठं करायची ते दाखवत राहिला. तिनं सही केली नाही.

मिरचीला एक दिवसाआड पाणी लागतं. क्रॉसिंगचे, म्हणजे पराग टेकवायचे, अजून बारा दिवस उरले होते. पाणी तुटलं तर बांधलेल्या दोऱ्यांसकट फुलं गळून पडतील, आणि जून महिन्यापासून वाकलेल्या सहा बायांच्या कंबरा फुकट जातील, एवढं साधं होतं ते.

दुसऱ्या दिवशी दुपारी हरिओम आला. तिचा चुलत भाऊ, चार वर्षांनी धाकटा. सोबत पांढऱ्या शर्टातला एक माणूस, छत्रपती संभाजीनगरहून आलेला. त्याला हरिओम 'देवानंद साहेब' म्हणत होता. दोघं ओट्यावर बसले. तृप्तीनं पाणी दिलं. दैवशालाची ही पोर जाफराबादच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. पाणी देऊन ती आत गेली नाही, चौकटीला टेकून उभी राहिली.

"अक्का, हिरीचं कळलं," हरिओम म्हणाला. "लई वाईट झालं. पर तू घाबरू नको. साहेब नवी बांधून देऊन राह्यले. सिमेंटची. पक्की."

"साहेब कामून देतील?"

देवानंदनं हात जोडले. "ताई, सर्वे करणारे वेगळे आणि आम्ही वेगळे. आम्ही शेतकऱ्याच्या बाजूचे. सर्वेत गॅस लागला की मोठ्या कंपन्या येणार. तेव्हा एकेकट्याला कोण विचारतं? म्हणून आम्ही आजच सगळ्यांची जमीन भाडेकरारानं एकत्र घेतोय. तीस वर्षांचा करार. जमीन तुमचीच, पीक तुमचंच. दरवर्षी घरबसल्या भाडं."

"चाळीस जणांनी सह्या केल्या," हरिओम म्हणाला. "रामनिवास शेटनं बी केली. तो काय अडाणी हाय? मधात तुझाच तुकडा उरला. तुझ्यामुळं गावाचं अडून राह्यलं, अक्का."

"आन सही न्हाई केली तर हीर?"

हरिओमनं भारतकडं बघितलं. भारत जीपच्या बॉनेटवर फडकं मारत होता. "दाजी, समजून सांगा जरा. म्हणजे, तुमचं चालत असंल तर."

फडकं क्षणभर थांबलं, परत फिरायला लागलं.

"त्यांचं चालतं का न्हाई ते तू नको बघू," दैवशाला म्हणाली. "कागद ठिवून जा. वाचून सांगते."

"वाचण्यासारखं काय नाही ताई, नेहमीचा मसुदा आहे," देवानंद म्हणाला. पण हरिओमनं जिथं सही करायची तिथं पेन्सिलनं फुली मारून एक कोरा करार ओट्यावर ठेवला. जाता जाता तुळजाबाईच्या पाया पडायला वाकला. म्हातारीनं पाय आखडून घेतले.

विहिरीतले दगड काढायला क्रेन लागणार होती. भारत पलीकडच्या गावच्या क्रेनवाल्याकडं गेला. क्रेनवाला दोन वर्षं भारतच्याच जीपनं बाजाराला जायचा. क्रेनवाला म्हणाला, क्रेन महिनाभर लावलेली आहे. अंगणात क्रेन उभी होती. तिच्यावर कोंबड्या बसल्या होत्या.

"भारतभाऊ, वाईट वाटून घेऊ नका," तो हळूच म्हणाला. "हरिओम सरपंचाच्या बसण्याउठण्यातला. मला ह्याच गावांत धंदा करायचा हाय."

भारत घरी आला, जेवायला बसला, आणि दोन घास खाऊन ताटातच बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, "कप्पी हाय का घरात? मोठी?"

"दैवाच्या आबाची हाय, मोटेच्या वक्ताची," तुळजाबाई म्हणाली. "माळ्यावर."

"मामी, तेवढी काढून ठिवा. सकाळी जीप हिरीवर लावतो."

दैवशालानं नवऱ्याकडं बघितलं. जीप म्हणजे रोजची खेप. जीप एक दिवस उभी राहिली तर स्टँडवरच्या ओळीतला नंबर जातो, आणि नंबर परत मिळायला आठ दिवस भांडावं लागतं. तिनं त्याच्या ताटात भाकरीचा चतकोर टाकला.

सकाळी सहाला काम लागलं. बाभळीचं जाड लाकूड आडवं टाकून त्याला कप्पी बांधली. नायलॉनचा दोर कप्पीवरून घेऊन जीपच्या मागच्या हूकला अडकवला. भारत आणि दैवशाला खाली उतरणार, असं ठरलं, तेव्हा जीप कोण चालवणार हा प्रश्न आला.

"मी," तृप्ती म्हणाली.

"तुला कव्हापासून येते?" दैवशालानं विचारलं.

"पप्पांनीच शिकवली. दिवाळीला. तू वरडशील म्हणून सांगितलं न्हाई."

भारत कप्पीची गाठ तपासण्यात एकदम गुंतून गेला.

खाली गार होतं. गुडघाभर चिखल, त्यात दगड रुतलेले, कडा वस्तऱ्यासारख्या. पहारीनं एक दगड हलवायचा, त्याखाली साखळी घालायची, बाजूला भिंतीला चिकटून उभं राहायचं आणि वर ओरडायचं. वर तुळजाबाई काठावर बसून ओरडा पुढं द्यायची, "घे गं पोरी!" आणि जीप पावलापावलानं पुढं सरकायची. दगड हेलकावत, चिखल गाळत डोक्यावरून वर जायचा. तो वर जाऊन काठावर टेकेपर्यंत खाली दोघं श्वास धरून उभे राहायचे. भिंतीला पाठ लावली की भारतचा घाम तिच्या दंडाला लागायचा. बावीस वर्षांच्या संसारात ते दोघं दिवसाउजेडी इतके जवळ कधी उभे राहिले नव्हते.

पहिल्या दिवशी अकरा दगड निघाले. दुसऱ्या दिवशी एक साखळीतून सुटला आणि दैवशालाच्या डाव्या हाताच्या दोन बोटांवर घासून गेला. नख गेलं. तिनं पदराची चिंधी गुंडाळली. नऊ वाजता वर येऊन तीच बोटं वर धरून ती उजव्या हातानं पराग लावायला गेली, कारण फुलं उमलली होती.

पाण्याचं वेगळंच. ठिबकच्या टाकीत पाणी पडलं पाहिजे होतं. शेजारचं शेत रामनिवासचं. त्याचा आजा राजस्थानातून आला, बाप हिवरगव्हाणात जन्मला, आणि तो स्वतः जाफराबादला खत-बियाण्याचं दुकान चालवून सकाळ-संध्याकाळ शेतावर यायचा. त्याच्या बोअरवर दैवशाला ड्रम घेऊन गेली.

"ने माय, पाणी ने," तो म्हणाला. "पाण्याला न्हाई कोण म्हणंल? फक्त गवगवा करू नको. हरिओमचं गिऱ्हाईक लई हाय माझ्याकडं."

"शेट, तुमी सही केली म्हणं."

"केली."

"वाचली व्हती का?"

रामनिवासनं चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. "दुकानात गर्दी व्हती. हरिओम म्हणला, सगळे करून राह्यले." मग नळी ड्रममध्ये सोडून तो दुसरीकडं बघत उभा राहिला.

सहा बाया चार दिवस दुपारच्या वेळेला डोक्यावर हंडे घेऊन बांध ओलांडत होत्या. कांताबाईला हरिओमच्या बायकोनं रस्त्यात गाठून सांगितलं, आमच्याकडं वेचणीला ये, वर दोन कप चहा देते. कांताबाई म्हणाली, "दोरे मी बांधले बाई. माझ्या हाताची फुलं हायेत. ती सुकवून तुझा चहा गोड लागंल का मला?"

त्याच चार दिवसांत तृप्तीनं करार वाचला. पानं सात होती. एकेक वाक्य पाऊण पानाचं. ती दुपारी जीपमध्ये बसून, दोन दगडांच्या मधल्या वेळात, ओठ हलवत वाचायची. पाचव्या दिवशी पंप निघाला, गाळ उपसला, आणि विहिरीत झऱ्याचं पाणी परत चढायला लागलं. पूर्वेची बाजू उघडीच होती, तिला गवंडी लागणार होता. त्याच दिवशी तृप्ती आईला म्हणाली, "मम्मी, हे बघ. नववं कलम."

दैवशालानं ते तिच्याकडून तीन वेळा वाचून घेतलं. चौथ्या वेळेला तिनं स्वतःच बोट ठेवून वाचलं.

शनिवारी ग्रामपंचायतीसमोर सभा होती. उरलेल्या सह्या आणि चहा. मागं फ्लेक्स लावलेला, 'आपल्या जमिनीखालची संपत्ती, आपल्या हक्काचं उत्पन्न'. देवानंद खुर्चीवर, शेजारी सरपंच, टोकाला तलाठी भाऊसाहेब. बाप्ये सतरंजीवर, बाया शाळेच्या भिंतीला. दैवशाला शेडनेटमधून सरळ आली होती. हातावर चिंधी, पायाला वाळलेला चिखल. ती भिंतीशी बसली नाही, सतरंजीच्या पुढं येऊन उभी राहिली. भारत, तुळजाबाई आणि तृप्ती तिच्यामागं.

"आली का अक्का," हरिओम म्हणाला. "या दाजी, तुमी बी बसा. जावईमाणसाला खुर्ची द्या रे."

चारदोन जण हसले. भारत म्हणाला, "मी उभाच बरा हाय."

"मला भाऊसाहेबास्नी एक इचारायचं हाय," दैवशाला म्हणाली. आवाज तिचा तिलाच मोठा वाटला. "भाऊसाहेब, जमिनीखालचा गॅस, तेल, कोळसा, हे कोणाचं असतंय? माझं का सरकारचं?"

तलाठ्यानं देवानंदकडं बघितलं. मग सरपंचाकडं.

"मी तुम्हास्नी इचारून राह्यले. दप्तर तुमच्याजवळ हाय."

"सरकारचं," तलाठी म्हणाला. "असली खनिजं सरकारच्याच मालकीची. शेतकऱ्याची मालकी वरच्या जमिनीची."

"बराबर. मंग देवानंद साहेब, खालचं तर माझं न्हाईच. जे माझं न्हाई ते मी तुम्हास्नी भाड्यानं कसं देऊ? आन जे माझं हाय ते वरचं. मंग तुमी माझ्याकडून घेऊन काय राह्यले?"

कुणाच्या तरी मोबाइलवर गाणं वाजलं आणि बंद झालं.

"ताई, ही तांत्रिक बाब आहे," देवानंद हसून म्हणाला. "सर्वांसमोर—"

"सर्वांसमोरच सांगा. सह्या सर्वांच्या घेतल्या. तृप्ती, वाच."

तृप्तीनं कराराची घडी उलगडली. "कलम नऊ. सदर जमिनीवरील विहीर, बोअर, झाडे, वहिवाटीचा रस्ता यांसह संपूर्ण पृष्ठभागाचा वापर करण्याचा, तो पोटभाड्याने देण्याचा व त्यावर कर्ज उभारण्याचा अधिकार कंपनीस राहील. जमीनमालकास कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय सदर जमीन विकता, वाटप करता किंवा वारसांच्या नावे करता येणार नाही."

"वारसांच्या नावे?" मागून एक म्हातारा म्हणाला. "म्हणजे मी मेलो तर?"

"म्हणजे तुमच्या पोरांनी संभाजीनगरला परवानगी मागाया जायची, बाबा," दैवशाला म्हणाली. "आन गॅसचं ह्या सात पानांत कुठंच नाव न्हाई. तुमीच शोधा. मी चार दिवस शोधून राह्यले."

"ही बाई गावाचं नुकसान करते," सरपंच उठला. "अहो, एकीच्या हट्टापायी—"

"हट्ट हायच माझा!" ती म्हणाली. "माझी हीर पाडली तव्हा गावातून एक माणूस बघाया आला न्हाई. क्रेन अडवली. माझ्या पोरीनं जीप चालवली, नवऱ्यानं दगड उचलले. ह्या बायांनी डोक्यावर पाणी वाहून माझी मिरची जगवली. मला कोणाचं काय मागायचं न्हाई. पर माझी सही माझी हाय. ती मी देणार न्हाई. हीर सोन्याची बांधून दिली तरी देणार न्हाई."

तेव्हा रामनिवास उठला. त्याला गुडघ्यांमुळं उठायला वेळ लागला, आणि तेवढ्या वेळात सगळ्यांनी माना वळवल्या. "मी सही केली," तो म्हणाला. "न वाचता. दुकानात दहा रुपयांची पावती मी दोनदा वाचतो, आन हे न्हाई वाचलं. माझं नाव सांगून दुसऱ्यांच्या सह्या घेतल्या असतील तर ती माझी चूक. साहेब, माझा कागद वापस करा."

मग एकच गलका उठला. देवानंद बॅग काखेत मारून गाडीकडं निघाला. गाडीचं दार उघडेपर्यंत कांताबाई गाडीपुढं मांडी घालून बसली होती. तिच्याशेजारी दुसरी, मग तिसरी. तुळजाबाई बंपरला पाठ लावून बसली आणि काठी पायांवर आडवी ठेवली. "चालव आता," ती म्हणाली. "ऐंशी वर्षं झाली मला. काय घाई न्हाई."

सरपंच फोन करत राहिला. ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न वाजवला. तिसऱ्यांदा वाजवला तेव्हा म्हातारीनं कानावर पदर घेतला, बस. ऊन कलायला लागलं तेव्हा देवानंदनं बॅग बॉनेटवर उपडी केली. कागद एकेक नाव वाचून परत दिले गेले. कुणी तिथंच फाडले, कुणी घडी करून बंडीच्या खिशात घातले. एकोणचाळीस निघाले. चाळिसावा निघेना.

हरिओम शाळेच्या भिंतीपाशी उभा होता. गाडी गेल्यावर तो दैवशालाजवळ आला. तोंड उतरलेलं. "अक्का, माझं तर रजिस्टर झालंय. नमुना म्हणून पहिलं माझंच केलं. मला बी त्यानं नववं कलम वाचू दिलं न्हाई."

तिनं त्याच्याकडं बघितलं. लहानपणी गावच्या ओढ्याकाठी ती त्याचा शेंबूड पुसायची. राग अजून होता. तो असा एका वाक्यानं जाणारा नव्हता.

"मंग सोमवारपासून जाफराबादच्या चकरा सुरू कर," ती म्हणाली. "तृप्ती अर्ज लिहून देईल. वकील तू बघ. आन गवंडी मी बोलावलाय, त्याला आडवू नको."

"न्हाई आडवणार."

"दाजींची माफी मागायची तर टपरीवर माग. हितं कोणी न्हाई ऐकायला."

तो मान खाली घालून निघून गेला. टपरीवर तो काय बोलला ते दैवशालाला कधी कळलं नाही. भारतनंही सांगितलं नाही. पण पुढच्या आठवड्यात जीप ओळीत परत लागली, आणि नंबरासाठी भांडावं लागलं नाही.

क्रॉसिंग संपलं. फुलं चारआठ गळाली, बाकीच्यांना फळं धरली. कपाशीची दुसरी वेचणी चालू असताना सर्वेचा ट्रक परत आला. दुसरी लाइन उत्तर-दक्षिण जाणार होती आणि ती तिच्याच रानातून होती. हेल्मेटवाला साहेब यावेळी बांधाच्या बाहेरच थांबला. त्यानं हाक मारली.

दैवशालानं ओटीतला कापूस पोत्यात रिकामा केला आणि घरून कागद आणायला तृप्तीला पाठवलं. कागद आधीच लिहून ठेवलेला होता, एका पानाचा, सगळ्यांना वाचता येईल असा. भोक विहिरीपासून शंभर पावलांच्या आत पाडायचं नाही. स्फोटाच्या आदल्या दिवशी सांगायचं. पडलेल्या बाजूच्या बांधकामाचा खर्च सर्वे कंपनीनं द्यायचा, गवंडी आमचा. खाली सहीची जागा.

"यहाँ साइन करा," ती म्हणाली.

"मॅडम, मुझे पावर नहीं है."

"ज्याला हाय त्याला आणा. तवर ट्रक रस्त्यावर राहू द्या. रस्ता सरकारचा हाय."

ट्रक दोन दिवस रस्त्यावर राहिला. मजुरांनी झाडाखाली स्वयंपाक केला; तुळजाबाईनं त्यांना ठेचा पाठवला. तिसऱ्या दिवशी पांढऱ्या गाडीतून एक मोठा साहेब उतरला, मराठी बोलणारा, घामेजलेला. त्यानं कागद उभ्यानं वाचला. एकदा वर बघितलं, परत वाचला. मग गाडीच्या टपावर ठेवून सही केली, तारीख टाकली, शिक्का मारला. तृप्तीनं मोबाइलवर फोटो काढला.

"बाई, एक विचारू?" पेन खिशाला लावत तो म्हणाला. "समजा, खाली खरंच गॅस निघाला तर? तेव्हाही अशाच अडवाल का?"

"निघू द्या की," दैवशाला म्हणाली. "सरकारचा हाय तो, सरकारनं न्यावा. पर वर यायची वाट माझ्या दारावरून हाय. येताना आवाज द्यायचा."

साहेब हसला, की नुसता घाम पुसला, ते कळलं नाही. ट्रकवाल्यानं इंजिन चालू केलं आणि खिडकीतून बाहेर वाकून काहीतरी विचारलं. इंजिनच्या आवाजात ते कपाशीपर्यंत ऐकू आलं नाही.

"काय म्हणून राह्यला गं तो?" तुळजाबाईनं कपाशीतून विचारलं.

"इचारतोय, मशीन कुठं लावू."

"मंग सांग की."

दैवशालानं ओटी सोडून कमरेला घट्ट खोचली आणि बांधावरून पुढं चालायला लागली. ट्रक तिच्यामागं, तिच्या चालीनं येत राहिला.